कौटुंबिक दौडीत बाबागाडी कुठे उभी करायची?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या २६ जानेवारीला आमच्या वडोदरा शहरात झालेल्या एका दौडीत मी, माझे यजमान आणि आमची दोन मुले असे चौघे सहभागी झालो होतो. दौडीचे आणि आयोजकांचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे घडले ते केवळ त्यांच्याकडेच घडते असे नाही. सुट्टीच्या दिवशी होणाऱ्या बहुतेक दौडींची आखणी एकाच साच्यातून निघते आणि माझी तक्रार त्या साच्याबद्दल आहे. पाच किलोमीटरच्या गटाला जाहिरातीत ‘कौटुंबिक दौड’ असे नाव दिलेले होते, सोबतच्या चित्रात वडिलांच्या खांद्यावर बसलेले एक हसरे मूलही होते, आणि त्या चित्रावर विसंबून आम्ही चौघांचे पूर्ण शुल्क भरले. मैदानावर पोचल्यावर कळले ते असे की, आयोजकांच्या हिशेबी कुटुंब म्हणजे आई, वडील आणि न थांबता धावू शकणारी मोठी मुले. बाबागाडीत बसणारे, मध्येच शू लागली म्हणणारे, दर थोड्या अंतरावर बूट काढून खडा झटकणारे मूल त्या शब्दात धरलेलेच नव्हते.

मी गेली दहा-अकरा वर्षे धावते आहे. मुले होण्यापूर्वी दोनदा अर्ध मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित अधिक अंतर, पूर्ण केलेले आहे. यजमान माझ्यानंतर धावू लागले आणि आता माझ्यापेक्षा वेगाने धावतात, हे त्यांना छापून आलेले वाचायला आवडेल म्हणून येथे नमूद करते. मुलगी झाल्यावर एकाने धावायचे आणि दुसऱ्याने मूल सांभाळायचे असे आमच्यात ठरले. पुढच्या वेळी उलट करायचे, असेही ठरले. पण ती पुढची वेळ बाळाचा ताप, सासूबाईंचे गुडघे आणि ऐनवेळी येणारे पाहुणे यांच्यामुळे पुढेच जात राहिली. दौडीच्या सकाळी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या बायकांकडे आपण एकदा नीट पाहावे. एका खांद्यावर नवऱ्याचे जाकीट, हातात दोन मोबाईल, कडेवर झोपमोड झालेले मूल, आणि त्यांतल्या काही जणींच्या पायांत धावण्याचे, चांगले झिजलेले बूट. चार वर्षे मीही त्यांतलीच एक होते.

मुलांना घरी ठेवून का येत नाही, असा प्रश्न मला त्या दिवशी एका सद्गृहस्थांनी विचारला. प्रश्न वाजवी वाटतो, परंतु दौड सुट्टीच्या दिवशी असते हे विचारणाऱ्याच्या ध्यानात आलेले नसते. सुट्टीच्या दिवशी पाळणाघर बंद असते, घरकामाच्या बाई रजेवर असतात, आणि आमच्या सासूबाईंसारख्या आज्या प्रजासत्ताक दिनी सोसायटीच्या झेंडावंदनाला पहिल्या रांगेत असतात व तसे असणे हा त्यांचा हक्कच आहे. आठवड्यातल्या इतर कोणत्याही दिवशी मुलांना कुठेतरी ठेवता येते, सुट्टीच्या दिवशी मात्र ती आपल्याबरोबरच असतात. त्यामुळे सुट्टीची दौड ठरवणाऱ्याने मुले येणार हे गृहीत धरूनच तिची आखणी केली पाहिजे.

आता त्या सकाळीविषयी. जानेवारीच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सव्वासातनंतर उगवतो. आम्हांला पावणेसहाला हजर राहण्यास सांगितले होते, दौड साडेसहाला सुटणार होती, आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी येईपर्यंत ती सात वाजून दहा मिनिटांनी सुटली. म्हणजे जवळजवळ दीड तास आम्ही अंधारात, थंडीत, माणसाएवढ्या ध्वनिवर्धकांच्या समोर उभे होतो. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, हे आयोजकांना ठाऊक असेलच. तरीही आम्ही पोचलो तेव्हा गाणी मोठ्याने सुरू होती. पावणेतीन वर्षांच्या माझ्या मुलाने दोन्ही कान दाबून धरले होते आणि निवेदक सर्वांना हात वर करून टाळ्या वाजवण्याचा आग्रह करत होते.

थंडीचा मुद्दा थोडा सविस्तर मांडते, कारण धावणाऱ्या माणसाला तो सुचतच नाही. गाडी ढकलणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तापतो, अंगातले जाकीट काढून कमरेला बांधतो आणि हवा छान आहे असे म्हणतो. गाडीत बसलेले मूल मात्र हलत नाही, आणि धावण्याच्या वेगामुळे निर्माण होणारा वारा समोरून थेट त्याच्या अंगावर येतो. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्वचेचा पृष्ठभाग जास्त असल्याने त्याचे अंग लवकर गार पडते. म्हणून आपल्याला उकडत असले तरी मुलाच्या डोक्यावर टोपी, पायांत मोजे आणि मांडीवर शाल हवीच, आणि मधूनमधून थांबून त्याची मान व पोट हाताला गार लागते का हे पाहायला हवे. आम्ही शाल नेली होती, मोजे विसरलो. यजमानांनी आपले हातमोजे मुलाच्या पायांत चढवले आणि पुढचा सगळा रस्ता मुलगा आपल्याला पायाची बोटे फुटली आहेत असे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

बाबागाडीवरून खरा घोळ प्रारंभरेषेपाशी झाला. ही गाडी माझ्या नणंदेने अमेरिकेहून परतताना आणलेली, खास धावण्यासाठी बनवलेली आहे. तिला हवा भरलेली तीन मोठी चाके आहेत, हाताशी ब्रेक आहे, मुलाला खांदे, कंबर आणि पायांमधून बांधणारे पाच ठिकाणचे पट्टे आहेत, आणि ढकलणाऱ्याच्या मनगटात अडकवायचा एक पट्टा आहे, जेणेकरून हात सुटला तरी गाडी उतारावर निघून जाऊ नये. बाजारात सर्रास मिळणारी लहान, गरगर फिरणाऱ्या चाकांची बाबागाडी घेऊन धावणे धोक्याचे आहे, हे मी स्वतःहून सांगते. वेग वाढला की तिचे पुढचे चाक थरथरते आणि गटाराच्या झाकणात अडकून गाडी उलटू शकते. त्याचप्रमाणे मान आणि पाठ पुरेशी बळकट होईपर्यंत, म्हणजे सहा ते आठ महिन्यांचे होईपर्यंत, बाळाला धावण्याच्या गाडीतही बसवू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. एवढी काळजी घेऊन आम्ही गेलो, तर पहिल्या स्वयंसेवकाने गाडी आत नेता येणार नाही म्हणून अडवले, दुसऱ्याने जाऊ द्या म्हणून सोडले, आणि तिसऱ्याने गाडी मैदानाबाहेर ठेवून मुलाला कडेवर घेऊन धावा असा सल्ला दिला. तेरा किलोचे मूल कडेवर घेऊन पाच किलोमीटर धावून दाखवणाऱ्यास मी माझे पदक आनंदाने देईन. नियमावली मी रांगेत उभ्या उभ्या मोबाईलवर पुन्हा वाचली. तिच्यात पाळीव कुत्र्यांबद्दल एक ओळ होती, बाबागाडीबद्दल एक अक्षर नव्हते.

बाबागाड्यांना बंदी घालण्याचा अधिकार आयोजकांना आहे. अरुंद रस्ता, विम्याच्या अटी, गर्दी अशी रास्त कारणे त्यामागे असू शकतात आणि परदेशातही अनेक दौडींमध्ये बाबागाड्या चालत नाहीत. माझे म्हणणे एवढेच की, बंदी असेल तर ती शुल्क घेण्यापूर्वी छापावी, आणि परवानगी असेल तर गाडी कुठे उभी करायची तेही छापावे. जिथे परवानगी असते तिथे गाडीवाल्यांना सर्वांत मागे उभे करण्याची पद्धत आहे आणि ती अगदी योग्य आहे. मागे उभे राहिल्याने आपली वेळ वाया जाते हा गैरसमज आता तरी सुटायला हवा. बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावर, चिकटवलेली चिप प्रारंभरेषेवरच्या पट्टीवरून गेली की त्या धावपटूची वेळ मोजायला सुरुवात होते. बंदूक वाजल्यानंतर दहा मिनिटांनी रेषा ओलांडली तरी त्या दहा मिनिटांचे नुकसान होत नाही. बक्षिसासाठी धावणाऱ्यांखेरीज कोणालाही पुढे घुसण्याचे कारण नाही. आम्हांला मात्र धक्के खात कुठेतरी मधोमध उभे राहावे लागले, कारण मागे जायची वाट खुर्च्या आणि दोऱ्या लावून बंद केलेली होती.

या गैरसोयीपेक्षा गंभीर गोष्ट पुढे घडली. आमच्या पाच किलोमीटरच्या मार्गाचा शेवटचा सव्वा किलोमीटर आणि दहा किलोमीटरवाल्यांच्या परतीचा रस्ता एकच होता. चाळीस मिनिटांत दहा किलोमीटर पुरे करणारा धावपटू ताशी १५ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर तोडत येतो. माझी सात वर्षांची मुलगी त्या वेळी ताशी चार किलोमीटर वेगाने चालत होती आणि मध्येच रस्त्यावर पडलेला पतंगाचा तुकडा उचलायला वाकत होती. मागून आलेला एक तरुण तिला वाचवण्यासाठी एकदम बाजूला झाला, दुभाजकाला घसटला आणि जाता जाता माझ्यावर ओरडला. तो मुळीच चुकलेला नव्हता. त्याने महिनोन्महिने मेहनत केली असेल आणि शेवटच्या सव्वा किलोमीटरमध्ये त्याच्यासमोर एक बाबागाडी, एक पतंग आणि एक मुलगी आडवी आली. लहान मुले दौडीत अडथळा ठरतात असे म्हणणाऱ्या गंभीर धावपटूंशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि ती त्यांच्या वाटेत येऊ नयेत एवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. मी अविवाहित असताना मीही एका वडिलांवर अशीच ओरडले होते.

पतंगाचा विषय निघालाच आहे तर आपल्या गावापुरती एक खास गोष्ट सांगायला हवी. उत्तरायण आणि वासी उत्तरायण हे आपले पतंगांचे सण १४ आणि १५ जानेवारीला होतात. त्यानंतर अकरा दिवसांनी दौड असते. या अकरा दिवसांत रस्ते झाडले जातात, पण कडुनिंबांवर, तारांवर आणि दुभाजकांच्या जाळ्यांवर लोंबणारा मांजा कोणी काढत नाही, आणि सकाळच्या वाऱ्याने तो थोडा थोडा खाली येत राहतो. तीन किलोमीटरच्या खुणेच्या अलीकडे आमच्या गाडीच्या मागच्या चाकात असाच मांजा गुंडाळला गेला आणि गाडी एका बाजूला वळू लागली. यजमानांनी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून, बिबची सेफ्टी पिन काढून, दहा मिनिटे तो दोरा उकरून काढला. दोरा तुटत नव्हता, यावरून तो नायलॉनचा असावा. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातलेली आहे. मोठ्यांच्या मांडी-कमरेच्या उंचीवर लोंबणारा दोरा गाडीतल्या मुलाच्या मानेच्या उंचीवर येतो. दौडीच्या आदल्या दिवशी चार माणसांनी आकडी लावलेली काठी घेऊन मार्गावरून एक फेरी मारली तरी हे काम होण्यासारखे आहे.

आता पालकांबद्दल लिहिते, कारण सारा दोष आयोजकांच्या माथी मारणे मला बरे वाटणार नाही. समाप्तीची कमान दिसू लागली की आम्हा आईवडिलांच्या अंगात काहीतरी शिरते. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मी किमान सात-आठ लहान मुले अशी पाहिली, ज्यांना एका हाताने धरून अक्षरशः ओढत नेले जात होते. पाय जमिनीला लागत होते न लागत होते आणि मुलांचे चेहरे रडवेले होते. पाच वर्षांखालील मुलाचा हात असा झटक्याने ओढला तर कोपरापाशी हाडाचे टोक बंधातून सरकू शकते. डॉक्टर ते क्षणभरात बसवतात, पण तोवर मूल हात हलवू देत नाही आणि कळवळून रडते. माझ्या मुलीचे वय या धोक्याच्या पुढे गेलेले आहे, तरी मीही तिचे मनगट धरून ओढले हे मला कबूल केले पाहिजे. ती थांबली आणि म्हणाली, ‘आई, आपल्याला कोणी बोलावलंय का?’ मला उत्तर देता आले नाही.

मुळात पाच किलोमीटर हे अंतर लहान मुलांसाठी कोणी ठरवले हेही कळत नाही. मोठ्या माणसाचे एक पाऊल सुमारे सत्तर सेंटिमीटरचे धरले तर पाच किलोमीटरला सात हजारांच्या आसपास पावले लागतात. चार वर्षांच्या मुलाचे पाऊल चाळीस सेंटिमीटरचे धरले तर त्याच अंतराला त्याला साडेबारा हजार पावले टाकावी लागतात. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु बापाला फेरफटका वाटणारी गोष्ट मुलाला मोहीम का वाटते, हे त्यावरून कळते. शिवाय मूल एका लयीत धावत नाही. ते पन्नास पावले जीव खाऊन पळते, मग थांबते, मुंगी पाहते, पुन्हा पळते. त्याच्या शरीराला तेच मानवते, आणि आपण त्याला मोठ्यांच्या लयीत बसवू पाहतो.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. काही दौडींत आता सहा वर्षांखालील ‘सर्वांत वेगवान’ मुलांसाठी चषक ठेवू लागले आहेत. ओडिशात २००६ साली चार वर्षांच्या एका मुलाला पुरीपासून भुवनेश्वरकडे ६५ किलोमीटर पळवण्यात आले होते आणि त्यानंतर सरकारला त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी आणावी लागली होती, हे आपल्या वाचकांना स्मरत असेल. आपल्याकडचे चषक त्या टोकाचे नाहीत हे मान्य. पण चषक ठेवला की मुलाच्या मागे उभा असलेला बाप शिट्टी वाजवू लागतो, हे मी मैदानावर पाहिलेले आहे. इतक्या लहान वयात क्रमांक काढूच नयेत.

दुसरीकडे ही गोष्ट कशी करतात याची दोन उदाहरणे मला ठाऊक आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कृतज्ञतेचा सण असतो आणि त्या सकाळी गावोगाव ‘टर्की ट्रॉट’ नावाच्या दौडी होतात. त्यांतली बफेलो या शहरातली दौड १८९६ पासून चालत आलेली आहे. माझी नणंद तिच्या गावातल्या अशा दौडीत दोन्ही मुलांना घेऊन जात असे. तिथे वेगवान मंडळी पुढे, त्यांच्यामागे धावणारे, मग चालणारे आणि शेवटी बाबागाड्या असा क्रम ठरलेला असे, आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचे असल्याने भाषणे नसत. ही शेवटची बाब मला सर्वांत अनुकरणीय वाटते. दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या ‘पार्करन’चे. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी, योगायोगाने गांधीजयंतीच्या दिवशी, अवघ्या तेरा धावपटूंनी ती सुरू केली. दर शनिवारी बागेत पाच किलोमीटर, शुल्क नाही, आणि अकरा वर्षांखालील मूल असेल तर ते पालकाच्या हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे, असा नियम आहे. चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी दौड ठेवलेली आहे. ही माणसे मुलांना नको म्हणत नाहीत आणि मोठ्यांच्या पायांतही सोडत नाहीत.

आपल्याकडे यासाठी नवे काही बांधावे लागणार नाही. सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, १८७९ पासून आहे, शंभर एकरांहून मोठी आहे आणि तिच्या आत मोटारी नाहीत. कौटुंबिक दौड रस्त्यावरून काढून बागेत न्यावी, अंतर दोन किलोमीटर ठेवावे आणि ती मुख्य दौड आटोपल्यावर, आठ वाजता, उन्हे अंगावर आल्यानंतर सोडावी. तोपर्यंत दहा किलोमीटरची बरीचशी मंडळी परतलेली असतात, त्यामुळे बाप धावून आला की आई धावू शकते किंवा दोघेही मुलांना घेऊन पुन्हा जाऊ शकतात. रस्ता बंद ठेवण्यासाठी पोलिसांना जादा वेळ उभे करावे लागणार नाही. महापालिकेची परवानगी लागेल आणि रोज बागेत फेरी मारणाऱ्या आजोबांची नाराजी ओढवेल, पण वर्षातून एका सकाळी ते चालवून घेतील. विश्वामित्री नदीतल्या मगरींना ज्यांनी चालवून घेतले आहे त्यांना बाबागाड्यांचे काय! दोन किलोमीटर संपल्यावर मुलांना बागेतच सोडता येते आणि मोठ्यांना सेव-उसळ खायला पळता येते.

झेंडावंदनाचाही प्रश्न याच वेळेशी निगडित आहे. शाळांमधले झेंडावंदन साधारणपणे आठच्या सुमारास असते, आणि माझ्या मुलीला त्या दिवशी शाळेत गीत म्हणायचे होते म्हणून आम्हांला शेवटी रिक्षाने पळावे लागले. त्यावर उपाय म्हणजे ध्वजारोहण बागेतच, दौड सोडण्यापूर्वी करावे, किंवा कौटुंबिक दौडीसाठी २६ जानेवारीऐवजी त्यानंतरचा रविवार घ्यावा. मला पहिला पर्याय आवडेल, सासूबाईंना दुसरा.

किरकोळ गोष्टी लवकर सांगून टाकते. मुलांच्या मापाचे शर्ट नव्हते. मुलाचा शर्ट त्याच्या घोट्यापर्यंत आला आणि तो घालून तो धावू शकला नाही, मात्र रात्री त्याने तोच अंगात घालून झोपण्याचा हट्ट धरला. मैदानावरच्या स्वच्छतागृहांत पाणी नव्हते. अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन आलेली एक तरुण आई रुग्णवाहिकेच्या आडोशाला बसलेली मी पाहिली. कापडाचा एक तंबू आणि दोन खुर्च्या यापलीकडे त्यासाठी काही लागत नाही. मुलांच्या बिबच्या मागे पालकांचा मोबाईल क्रमांक लिहिण्यासाठी रकाना हवा होता, तो नव्हता. मी दोघांच्याही हातावर शाईने क्रमांक लिहिला होता, आणि मंचावरून हरवलेल्या दोन मुलांची नावे पुकारली जात होती तेव्हा त्या शाईकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकाचा एक फलक प्रवेशद्वाराशी लावला असता तरी पुष्कळ झाले असते. आम्ही पोचलो तेव्हा पदके संपलेली होती आणि समाप्तीची कमान उतरवायला सुरुवात झाली होती. हवा काढलेली ती कमान हळूहळू जमिनीवर लोळताना पाहून मुलाला मात्र फार मौज वाटली, आणि त्या दिवसातली त्याची आठवण विचारली तर तो अजूनही तीच सांगतो.

एका आयोजकांशी मी नंतर दूरध्वनीवर बोलले. त्यांनी माझे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले की, ताई, कौटुंबिक गटातून आम्हांला नोंदणीची संख्या मिळते, पण प्रायोजकांना वेगवान धावपटू हवे असतात. त्यांच्या या स्पष्टपणाबद्दल मला आदर आहे. परंतु संख्या आमच्यामुळे मिळत असेल, आणि शुल्कही आम्ही पूर्णच देत असू, तर आमच्या वाट्याला उरलेली वेळ, उरलेला रस्ता आणि संपलेली पदके का यावीत, हे त्यांनी मला समजावून सांगावे. तसे करायचे नसेल तर त्या गटाचे ‘कौटुंबिक’ हे नाव काढून ‘पाच किलोमीटर, वय वर्षे बारा आणि पुढे’ असे सरळ लिहावे. मग आमच्यासारखे लोक त्या दिवशी झेंडावंदनाला जातील आणि त्या तरुणाचा रस्ता मोकळा राहील.

पुढच्या दौडीची नोंदणी पावसाळा संपला की सुरू होईल. त्यापूर्वी आयोजकांनी नियमावलीत बाबागाडीबद्दल हो किंवा नाही अशी एक ओळ, कौटुंबिक गटाची सुटण्याची वेगळी वेळ, आणि मुलांची सर्वांत लहान वयोमर्यादा एवढ्या तीन गोष्टी छापाव्यात, अशी माझी आपल्या पत्रामार्फत विनंती आहे. बागेतल्या दौडीचा विचार झाल्यास सर्वांत मागच्या मुलाबरोबर चालणारी स्वयंसेविका म्हणून मी माझे नाव आताच देते. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाच्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे; तो प्रसिद्ध करू नये.

आपली नम्र,
दोन मुलांची आई, एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा